झाडाला विचारलेला प्रश्न : भारतीय भयपटांतील भूतबाधा आणि उतारा

मराठी मुलखातील भूतबाधेच्या परिभाषेत ज्याच्या अंगात पिशाच शिरले आहे त्या माणसाला ‘झाड’ म्हणतात, आणि उपचाराला बसलेला जाणता सर्वप्रथम त्या झाडालाच विचारतो, की तू कोण, कुठून आलास, याला का धरलेस आणि काय घेऊन सोडशील. हा जाणता कधी देवऋषी असतो, म्हणजे स्वतःच्या अंगात देवाचा संचार करवून निदान सांगणारा. कधी भगत असतो, म्हणजे मंत्राबरोबर झाडपाल्याचेही ज्ञान बाळगणारा. तर कधी पंचाक्षरी, म्हणजे मंत्राच्या बळावर पिशाचाला बांधणारा. साधने वेगवेगळी असली तरी लिंबू, अंगारा, धुरी, भारलेला दोरा आणि बाधितावरून ओवाळून तिठ्यावर नेऊन ठेवायचा उतारा या सगळ्यांच्या आधी ही विचारणा येते, आणि उपचाराचा मोठा भाग त्या बोलण्यातच पार पडतो, कारण लोकसमजुतीतले भूत सहसा परके नसते; ते घरातले, भावकीतले किंवा शिवेवरचे कोणी तरी असते आणि त्याचे काही तरी देणे राहून गेलेले असते. गेल्या पाच दशकांतील भारतीय भयपटांकडे मागे वळून पाहिले तर असे दिसते, की पडद्याने या परंपरेतले घुमणे, मोकळे केस, राख आणि धूर मनसोक्त उचलले, पण ज्यासाठी हे सगळे मांडले जाते तो प्रश्न मात्र वारंवार गाळला. आणि ज्या मोजक्या चित्रपटांनी तो राखला, तेच पुन्हा पाहण्याजोगे उरले.

ही समजूत किती तपशीलवार होती, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी झालेल्या नोंदींवरून कळते. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून गावोगावच्या समजुती लिहवून घेतल्या होत्या. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाल्यानंतर सनदी अधिकारी एन्थोव्हेन यांनी त्या सामग्रीतून कोकणावरचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळापासून आजवर सांगितल्या जाणाऱ्या भुतांच्या जाती पाहिल्या, तर त्या मुख्यतः राहून गेलेल्या गोष्टींच्या जाती आहेत असे ध्यानात येते. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी मेला तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. पुरून ठेवलेल्या धनात जीव अडकलेला समंध होतो. भीमा-अमरजेच्या संगमावरच्या गाणगापुरात आरतीच्या वेळी घुमणारी, खांबांना कवटाळून ओरडणारी माणसे महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी पाहिली आहेत. राजस्थानातील मेहंदीपूर बालाजीला तर या सगळ्या व्यवहाराला कचेरीचीच भाषा आहे : तिथे बाधित ‘अर्जी’ लावतो, त्याच्या अंगातल्या पिशाचाची ‘पेशी’ होते आणि तिथे ते कबुली देते. सुधीर कक्कर यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या ठिकाणाचा विचार मनोविश्लेषकाच्या नजरेने केला, तर व्हिएडा स्कल्टान्स यांना महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराच्या अभ्यासात असे आढळले, की घरातल्या आजारी माणसाला घेऊन आलेल्या बायका त्याची पीडा स्वतःवर घेण्यासाठी आपणच घुमू लागतात. बाधा एकाला आणि झाड दुसरेच, हा या अभ्यासातला सर्वांत हलवून टाकणारा भाग आहे, आणि तो अजून एकाही चित्रपटाने उचललेला नाही याची खंत वाटावी.

पडद्यावरच्या बाधेला आजचे रूप मिळाले ते मात्र परदेशी वळणाने. विल्यम फ्रीडकिन यांच्या १९७३ सालच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ने जगभरच्या भयपटाला एक साचा दिला : एक लहान मुलगी, तिच्या तोंडून येणारा पुरुषी आवाज, हतबल डॉक्टर आणि शेवटी धर्मगुरू. या साच्यातली बाधा रोमन कॅथलिक चौकटीतली आहे. तिथला सैतान कोणाचा नातेवाईक नसतो, त्याचे त्या कुटुंबाकडे काही येणे नसते, म्हणून त्याच्याशी तडजोड संभवत नाही. धर्मगुरूने त्याचे नाव विचारले, तरी ते त्याला हाकलण्यासाठी विचारलेले असते. रविकांत नगाइच यांच्या ‘जादू टोना’ने १९७७ मध्ये हा साचा हिंदीत आणला. फिरोज खान आणि रीना रॉय यांच्या या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व पहिलेपणापुरते आहे. सैतानाची जागा भुताने आणि धर्मगुरूची जागा मांत्रिकाने घेतली, की भारतीय चित्रपट तयार होतो, असा समज त्यात रुजला आणि तो पुढे बराच काळ टिकला.

या समजाला पहिले गंभीर उत्तर अरुणा राजे आणि विकास देसाई यांच्या ‘गहराई’ने १९८० मध्ये दिले. या चित्रपटाच्या लेखनात विजय तेंडुलकरांचा सहभाग होता, आणि त्याचा माग चित्रपटभर लागतो. बंगळूरमध्ये स्थिरावलेला चेन्नबसप्पा गावाकडची बागायत साबणाच्या कारखान्याला विकतो, जमीन सांभाळणारा बसवा त्यामुळे उद्ध्वस्त होतो, आणि काही दिवसांतच चेन्नबसप्पाची शाळकरी मुलगी उमा वेगळ्याच आवाजात बोलू लागते. बापाच्या भूमिकेत श्रीराम लागू आहेत, जे स्वतः नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक आणि आयुष्यभर बुद्धिवादाचा आग्रह धरणारे विचारवंत होते. त्यामुळे मुलीपुढे उभ्या असलेल्या त्या बापाच्या चेहऱ्यावरची अढी निव्वळ अभिनयाची वाटत नाही. उमेच्या तोंडून जे बाहेर पडते ती शिवीगाळ नसून साक्ष असते : या बापाने बसवाच्या बायकोशी संबंध ठेवले, तिला वाऱ्यावर सोडले आणि तिने विहीर जवळ केली. पद्मिनी कोल्हापुरेच्या चेहऱ्यावर त्या वेळी किशोरवयीन मुलीचा कोवळेपणा आणि त्या वाक्यांचा कोरडा निबरपणा एकाच वेळी असतो, आणि ते दृश्य भीतीदायक होते ते त्या विसंगतीमुळे, रंगभूषेमुळे नव्हे.

‘गहराई’चे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. तिथे डॉक्टर मुलीला विजेचे झटके देतात, तो उपचार कॅमेरा तितक्याच धारदारपणे दाखवतो. अमरीश पुरींनी उभा केलेला मांत्रिक पुट्टाचारी उपचाराच्या नावाखाली त्या मुलीच्या शरीरावर हात टाकू पाहतो. आणि सुधीर दळवींचा शास्त्री मात्र शांतपणे विचारत राहतो. म्हणजे एकाच चित्रपटात आधुनिक वैद्यकाचा बहिरेपणा, मांत्रिकाचा धंदा आणि जाणत्याची विचारणा या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, आणि कोणत्याही एकीवर सरसकट शिक्का मारलेला नाही. जमीन विकणे ही बाधेच्या मुळाशी असलेली घटना मानणारा दुसरा इतका स्पष्ट हिंदी भयपट सहजी आठवत नाही. लोकपरंपरेतले भूत शिवेशी, विहिरीशी, बांधाशी जोडलेले असते, हे दिग्दर्शकांना नेमके माहीत होते.

ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंदी-मराठीत या वाटेने कोणी पुढे गेले नाही. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) यांसारख्या चित्रपटांत शाप, चेटकीण आणि त्रिशूळ असा रोकडा मामला होता, ज्यात भुताला मारायचे असते, ऐकायचे नसते. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (१९९३) मराठीत मंत्राने बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू आणला आणि ‘झपाटणे’ हा शब्द एका पिढीच्या तोंडी हसतखेळत रुळवला. पण तिथली बाधा मुळात गुन्हेगाराची पळवाट आहे. राम गोपाल वर्मा यांच्या ‘रात’मध्ये (१९९२) ओम पुरींचा तांत्रिक शर्जी आहे आणि रेवतीचे झपाटलेपण अंगावर काटा आणते, तरी त्या दोघांमध्ये संभाषण असे घडत नाही.

विचारणा परत आली ती मल्याळममधून. फाझिल यांचा ‘मणिचित्रताळ’ (१९९३) हा मधु मुट्टम यांनी लिहिलेला चित्रपट बाधेचे स्पष्टीकरण मानसशास्त्राने देतो : जुन्या वाड्यात राहायला आलेली गंगा तिथल्या नागवल्ली या नर्तकीच्या कथेत इतकी बुडते, की एकाच देहात दुसरे व्यक्तिमत्त्व उभे राहते. ही एवढीच गोष्ट असती, तर तो अंधश्रद्धेवर विज्ञानाने मात केल्याचा एक सरळ बोधपट झाला असता. परंतु मोहनलालचा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर सनी आणि तिलकन यांचा तांत्रिक ब्रह्मदत्तन हे प्रतिस्पर्धी न राहता सहकारी होतात, आणि उपचार म्हणून जो विधी मांडला जातो तो दोन्ही विद्यांच्या संमतीने रचलेला असतो. नागवल्लीला काय हवे आहे, हे त्यांनी आधी जाणून घेतलेले असते : तिला तिच्या मारेकऱ्याचा सूड हवा आहे. म्हणून धूर आणि मंत्रांच्या गजरात फिरत्या फळीवरून खऱ्या माणसाच्या जागी पुतळा आणला जातो, ती त्याच्यावर तलवार चालवते आणि तिचे मागणे पुरे झाल्यावर गंगा मोकळी होते. भुतावर विश्वास नसलेला डॉक्टर भुताचे देणे मात्र चुकते करतो, आणि त्यातच या चित्रपटाची थोरवी आहे. शोभना यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे कन्नड, तमिळ आणि बंगालीत त्याचे अवतार झाले, आणि २००७ मध्ये प्रियदर्शन यांचा ‘भूलभुलैया’ हिंदीत आला, ज्यात तांत्रिकाच्या जागी विक्रम गोखले यांचे आचार्य आहेत. या नामावळीचा शेवट खेदाचा आहे : २०२२ च्या ‘भूलभुलैया २’मध्ये मानसशास्त्र बाजूला सारून मंजुलिका खरीच भूत झाली, आणि तीस वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने उघडलेले दार लोकप्रियतेच्या रेट्याखाली पुन्हा लावले गेले.

या दोन टोकांच्या मध्ये राम गोपाल वर्मा यांचा ‘भूत’ (२००३) उभा आहे. गाणी नसलेल्या या चित्रपटात मुंबईतल्या उंच इमारतीतील सदनिकेत स्वाती झपाटली जाते, आणि मनोविकारतज्ज्ञाकडून जे उलगडत नाही त्याची वाट दाखवते ती घरची मोलकरीण. सीमा बिस्वास यांनी साकारलेल्या या बाईला आपल्या मालकांना ठाऊक नसलेला एक पत्ता ठाऊक आहे, आणि महानगरात लोकउपचार नेमका कुठून शिरतो याचे इतके अचूक निरीक्षण अभ्यासग्रंथांतही विरळा सापडते. रेखाने उभी केलेली जाणती सरिता ना राख फेकते ना केस ओढते. ती स्वातीच्या अंगात शिरलेल्या मंजितशी बोलते, तिच्यावर आणि तिच्या मुलावर काय गुजरले ते ऐकून घेते आणि शेवटी तिला एवढेच पटवते, की सूड तू घेऊ नकोस, गुन्हेगाराला तुरुंगात जाऊ दे. पाच वर्षांनी याच दिग्दर्शकाने ‘फूंक’मध्ये करणीचा, म्हणजे जिवंत माणसाने वैरापोटी करवलेल्या जादूटोण्याचा विषय घेतला आणि नास्तिक बापाला नमवून मांत्रिकाला विजयी केले. त्याच वर्षी आलेल्या विक्रम भट यांच्या ‘१९२०’मध्येही अखेर हनुमान चालिसाच्या पठणाने भूत निघते. ऐकणारी सरिता मागे पडली आणि पिटाळणारा पुन्हा पुढे आला.

मधल्या काळात या विषयाला पडद्याबाहेरचे फार जड वास्तव येऊन मिळाले. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरात साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर चार दिवसांनी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. या कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरखंडाने वा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे, छताला टांगणे, केस उपटणे, तापलेल्या वस्तूचे चटके देणे अशी कृत्ये एकामागून एक नोंदलेली आहेत, आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. ही यादी शांतपणे वाचली तर ध्यानात येते, की यातली बहुतेक कृत्ये भयपटांनी उपचार म्हणून दाखवलेली आहेत आणि प्रेक्षकांनी ती थरार म्हणून पाहिलेली आहेत. कायद्याने जे गुन्हा ठरवले तेच चित्रपटांनी वर्षानुवर्षे उपचाराचा कळस म्हणून रंगवावे, ही गोष्ट दिग्दर्शकांनी मनाला लावून घ्यायला हवी होती. कारण प्रश्न विचारणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा ठरवलेला नाही, आणि नेमका तोच भाग त्यांनी सोडून दिला.

अलीकडच्या चित्रपटांत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (प्रथम प्रदर्शन २०१६) उसाच्या फडात लपलेल्या मुलांच्या रूपाने मारल्या गेलेल्या मुलींचा हिशेब मागितला, आणि तो ऐकण्याचे काम गरोदर नायिकेवर सोपवले, तिथे जाणता कोणी नाही, बाई स्वतःच विचारते. ‘वश’ या गुजराती चित्रपटात आणि त्यावरून २०२४ मध्ये आलेल्या हिंदी ‘शैतान’मध्ये उलट टोक दिसते, कारण तिथे मृतात्मा नाहीच, पाहुणा म्हणून घरात आलेला जिवंत माणूस वशीकरणाने मुलीला ताब्यात घेतो आणि तिला बोलायला स्वतःचे काही उरत नाही.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (२०२४) मात्र शाळामास्तरांनी लिहिलेल्या त्या जुन्या नोंदींच्या सर्वांत जवळ येतो. कोकणातला गोट्या मुंजीनंतर लगेच मरतो, त्याची लग्नाची इच्छा राहून जाते आणि तो झाडाखाली अडकून पडतो. त्याला हाताळायला येतो तो एल्विस करीम प्रभाकर, ज्याच्या नावातच तीन धर्म आहेत. गावगाड्यात भगत आणि दर्ग्याचा फकीर यांच्याकडे एकच कुटुंब पाळीपाळीने जात आले आहे, त्यामुळे हे नाव वाटते तितके काल्पनिक नाही. पण या चित्रपटातला खरा धागा सुहास जोशींच्या आजीकडे आहे. ज्या पोराचा बळी द्यायचा प्रयत्न फसला आणि जे स्वतःच मेले, त्या पोराने बळी म्हणून निवडलेली बहीण म्हणजे हीच आजी. सगळे घर ज्याला बाधा म्हणते, त्याला ती मुंज झालेल्या दिवसापासून ओळखते. तो तिचा सख्खा भाऊ आहे.