सकाळी साडेआठचं रीडिंग

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं जुनं कार्यालय आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, पुढे दिल्लीला गेलं. पुणेकरांच्या तोंडी मात्र ‘सिमला ऑफिस’च राहिलं. अंदाज चुकला की खात्यावर विनोद होतात, नोंदींबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. खरी दौलत तर त्या नोंदींचीच, आणि डेंग्यूचा अभ्यास करणाऱ्यांना नेमकी तीच लागते.

साधनं बघाल तर अगदी साधी. चार पायांवर उभी पांढरी लाकडी पेटी, बाजूंना झडपा, दार उत्तरेला. उघडलं तरी तापमापकांवर ऊन पडत नाही. आत चार तापमापक: कमाल, किमान, कोरडा आणि ओला. ओल्याच्या फुग्याला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, वात पाण्यात सोडलेली. कोरड्या-ओल्यातला फरक पाहून तक्त्यावरून आर्द्रता काढायची. शेजारी पर्जन्यमापक, तोंड जमिनीपासून साधारण तीस सेंटिमीटरवर. सकाळी साडेआठला साठलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे. आता बऱ्याच ठिकाणी स्वयंचलित यंत्रं आली, तरी दिवसाच्या पावसाचा हिशेब साडेआठलाच बंद होतो.

या आकड्यांचा डासाशी संबंध काय? डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी पिंपाच्या किंवा कुंडीखालच्या ताटलीच्या कडेला, पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवते. ती सुकली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. पाणी चढलं की आळ्या बाहेर पडतात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार. तो रुग्णाला चावला, की विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस. उकाडा वाढला की हा काळ आखडतो. डासाचं आयुष्य मुळात काही आठवड्यांचं, तेव्हा दोन-चार दिवस वाचले तरी विषाणूचं फावतं. हवा दमट असली की डासही जास्त जगतो.

पावसावरून साथ ओळखण्याचा प्रयत्न जुना आहे. पंजाबात १९०८ साली हिवतापानं थैमान घातलं. त्यावरच्या १९११ च्या अहवालात हिवतापाचे अभ्यासक ख्रिस्तोफर्स यांनी पाऊस आणि धान्याची महागाई शेजारी मांडून पाहिली. पुढे गिल या दुसऱ्या अभ्यासकांनी पाऊस, धान्याचे भाव आणि मुलांच्या वाढलेल्या पांथरी यांवरून साथीचे अंदाज द्यायला सुरुवात केली. भुकेल्या माणसाला हिवताप लवकर गाठतो, हे त्यांना कळलं होतं. आजच्या संगणकी मॉडेलांत धान्याचा भाव क्वचितच दिसतो, हे मला खटकतं.

पुण्यापुरतं बोलायचं तर पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २७ अंशांवरचं तापमान, पावसाळ्यात ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि बेताचा, सारखा विभागलेला पाऊस जुळून आला की पुण्यात डेंग्यू बळावतो. मात्र आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर अंडी-आळ्या वाहून जातात आणि रुग्ण घटतात. ‘पाऊस फार, म्हणून डेंग्यू फार’ हे आपलं ठोकळ गणित इथे कोसळतं. दोन महिन्यांहून आधी इशारा देता येईल, असं हे शास्त्रज्ञ म्हणतात.

घोडं अडतं ते दुसऱ्या वहीशी. पाऊस रोजचा, केंद्रवार मिळतो. रुग्णांचे आकडे पुष्कळदा महिन्याचे, अख्ख्या शहराचे. एडिस सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही, म्हणजे शहराचा आकडा त्याच्या लेखी निरर्थक. सरकारी हिशेबात एलायझा चाचणीनं पक्का झालेला रुग्ण धरला जातो. खासगी दवाखान्यात झटपट किटवर निदान होऊन घरीच बरा झालेला माणूस कुठल्या वहीत येतो? पेटीतलं तापमान मोकळ्या मैदानातलं आणि डास आपल्या कपाटामागे, ही त्रुटी आहेच. ती गणितानं काही अंशी भरून निघते. न नोंदलेला रुग्ण मात्र कुठल्याही गणितानं परत आणता येत नाही. माझ्या मते आपल्याकडे हवामानाची नोंद चोख आहे आणि आजाराची ढिसाळ.

तेव्हा घरात कुणाला डेंग्यू निघाला, तर पालिकेच्या किंवा जिल्हा हिवताप कार्यालयात जरूर कळवा. पत्ता द्या, आणि ताप नेमका कोणत्या तारखेला चढला तेही सांगा.