पेशीपटलाच्या आरपार (लेखांक ७) : दुधातली साखर आत कशी जाते?

१९५०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ई. कोलाय जिवाणूंचे काही विचित्र वाण जमले होते. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडणारं विकर त्यांच्याकडे मुबलक होतं. पेशी फोडून तिच्या रसात लॅक्टोज टाकलं की ते लगेच तुटायचं. पण तीच पेशी अख्खी, जिवंत ठेवून तिला फक्त लॅक्टोज दिलं, तर ती वाढायचीच नाही. हॉवर्ड रिकनबर्ग, जॉर्ज कोहेन, जेरार ब्युतँ आणि जाक मोनो यांनी मग किरणोत्सारी गंधक असलेला एक रेणू वापरला. तो लॅक्टोजसारखा दिसतो, पण विकराला फोडता येत नाही. धडधाकट जिवाणूंमध्ये तो बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी साठत गेला. विचित्र वाणांमध्ये तो साठलाच नाही. साखर फोडणारं प्रथिन वेगळं आणि तिला आत आणणारं वेगळं, असा निष्कर्ष त्यांनी १९५६मध्ये मांडला. आत आणणाऱ्या प्रथिनाला त्यांनी परमिएज हे नाव दिलं. आज आपण त्याला लॅकवाय म्हणतो.

साखर नुसती आत यायची असती, तर पटलाला एक भोक पुरलं असतं. ई. कोलायच्या बाहेरच्या पटलात अशी प्रथिनांची भोकं असतातही आणि लॅक्टोज त्यांतून सहज पार होतं. आतलं पटल मात्र असं सच्छिद्र असून चालत नाही. मागच्या लेखात पाहिल्याप्रमाणे पेशी श्वसनाच्या जोरावर प्रोटॉन सतत बाहेर ढकलत असते. त्यामुळे बाहेर प्रोटॉन जास्त आणि आतली बाजू ऋणभारित, अशी स्थिती टिकून राहते. भोक पडलं तर सगळे प्रोटॉन परत आत येतील आणि पेशीची ऊर्जा वाया जाईल. शिवाय भोकातून साखर आत येईल तशी बाहेरही जाईल. साठा होणारच नाही.

पीटर मिचेल यांनी १९६३मध्ये सुचवलं की आत यायला आतुर असलेले हे प्रोटॉनच लॅक्टोजला सोबत घेऊन येत असावेत. त्या काळी मिचेल यांच्या कल्पना फार थोड्यांना पटत होत्या. इयान वेस्ट यांनी १९७०मध्ये केलेला प्रयोग मला आजही अतिशय सुंदर वाटतो, कारण त्यात चलाखी जवळजवळ नाहीच. ऊर्जानिर्मिती बंद पाडलेले जिवाणू पाण्यात ठेवायचे, त्यात लॅक्टोज घालायचं आणि पाण्याचा सामू मोजायचा. सामू वाढला. म्हणजे लॅक्टोज आत जाताना पाण्यातले प्रोटॉनही आत गेले. पुढे हिशोब लागला तो असा, की लॅक्टोजच्या एका रेणूमागे एक प्रोटॉन. पटलावर साधारण ६० मिलिव्होल्टचा जोर असेल तर दहापट साठा होऊ शकतो, १२० मिलिव्होल्टचा असेल तर शंभरपट. जिवंत ई. कोलायकडे याहून अधिक जोर असतो.

आता प्रश्न प्रथिनाचा. ते ४१७ अमिनो आम्लांचं आहे. यांतली कामाची कोणती? अमेरिकेत रॉन काबॅक यांच्या प्रयोगशाळेनं यासाठी जे केलं, ते चिकाटीचं काम म्हणून वाखाणण्यासारखं आहे. प्रथिनात मुळात आठ सिस्टीन होती. ती आधी काढून टाकली, तरी प्रथिन काम करत राहिलं. मग एकेका जागेचं अमिनो आम्ल बदलून तिथे सिस्टीन बसवायचं आणि वाहतूक चालते का पाहायचं, असं करत जवळपास सगळी साखळी पिंजून काढली. ज्यांच्यावाचून अजिबात भागत नाही अशी अमिनो आम्लं दहासुद्धा भरली नाहीत. बाकी शेकडो अमिनो आम्लांपैकी कुठलंही एक बदललं, तरी प्रथिन थोडंफार काम करतंच.

प्रत्यक्ष आकार दिसायला २००३ उजाडलं. काबॅक आणि लंडनचे सो इवाता यांच्या गटांनी क्ष-किरणांनी लॅकवायची रचना उलगडली. बारा मळसूत्री दांडे पटलातून आरपार गेलेले, त्यांचे सहा-सहाचे दोन गट आणि दोहोंच्या मध्ये एक पोकळी. त्या पोकळीच्या तळाशी, पटलाच्या साधारण मध्यावर, साखर बसलेली.

ही हालचाल समजायला आपले हातच पुरतात. मनगटं जुळवून ओंजळ करा. वरून ती उघडी आहे, खालून बंद. आता बोटं एकमेकांना टेकवा आणि मनगटं दूर करा. वरची वाट बंद झाली, खालची उघडली. लॅकवायचे दोन गट असेच एकदा बाहेरच्या बाजूला उघडतात, एकदा आतल्या. दोन्ही बाजू एकाच वेळी उघडत नाहीत, म्हणून पटलाला भोक पडत नाही.

हा कल बदलतो कशामुळे? बराच काळ उत्तर गृहीत धरलं गेलं होतं: प्रोटॉनच्या जोरामुळे. पण ३२५ क्रमांकाच्या ग्लुटामिक आम्लानं वेगळंच चित्र दाखवलं. त्याच्या जागी ॲलानिन बसवलं, तर प्रथिनाला साखरेचा साठा करता येत नाही. मात्र आतली साखर आणि बाहेरची साखर यांची अदलाबदल ते पूर्ण वेगानं करतं. म्हणजे साखर घेऊन कलणं ठीक चालतं. बिघडतं ते रिकामं होऊन परतणं, कारण परतण्याआधी प्रोटॉन सोडावा लागतो आणि ते सोडणंच या आम्लावर अवलंबून आहे.

मूळ प्रथिनात क्रम असा दिसतो. साखर जोडली जाण्याआधी प्रोटॉन प्रथिनावर असावाच लागतो, आणि तो असतोच. ग्लुटामिक आम्ल पाण्यात एरवी सामू ४च्या आसपास प्रोटॉन सोडून देतं, लॅकवायच्या पोटात मात्र ते सामू १० पर्यंत तो धरून ठेवतं. मग साखर बसते आणि तिच्या बसण्यानंच प्रथिन कलतं. आतल्या बाजूला आधी साखर सुटते, मागून प्रोटॉन, आणि रिकामं प्रथिन परत फिरतं. नुसता प्रोटॉन घेतलेलं प्रथिन कलत नाही. एक तर दोन्ही घेऊन, नाहीतर पूर्ण रिकामं, एवढ्याच दोन अवस्थांत त्याला हलता येतं. पटलावरचा जोर प्रोटॉन सुटण्याचं काम सोपं करतो आणि त्यामुळे फेऱ्यांना दिशा मिळते. हालचाल साखरेची, दिशा प्रोटॉनची, अशी ही विभागणी आहे, आणि माझ्या मते साठ वर्षांच्या या संशोधनातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

लॅकवाय ओळखतं ते लॅक्टोजचं गॅलॅक्टोज हे टोक. गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज यांत फरक फक्त चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल कोणत्या दिशेला वळलाय एवढाच, तरीही ग्लुकोजला या पोकळीत जागा नाही. ग्लुकोज पेशीत शिरतं ते वेगळ्या यंत्रणेतून. तिच्यातलं एक छोटं प्रथिन, ग्लुकोज आत येत असताना, लॅकवायला पेशीच्या आतल्या बाजूनं चिकटतं आणि त्याचं काम बंद पाडतं. म्हणून ग्लुकोज मिळत असेतो जिवाणू लॅक्टोज जवळपास आत घेतच नाही. ही दुसरी यंत्रणा १९६४मध्ये कुंडिग, सुधामय घोष आणि सॉल रोझमन यांनी शोधली. ती प्रोटॉन वापरत नाही, साखर आत घेता घेताच तिला फॉस्फेट जोडते. ते कसं, हे पुढच्या आठवड्यात पाहू.