ब्लॅक कोहॉश : एका मुळीची परीक्षा

पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास स्त्रीची पाळी जाते. तो काळ जवळ आला म्हणजे एकाएकी छातीपासून चेहऱ्यापर्यंत गरम वाफ उठते, घाम फुटतो, मागाहून हुडहुडी भरते. रात्री झोप मोडते ती निराळीच. घरोघरी हे घडते, पण त्याविषयी बोलण्याची आपल्याकडे चाल नाही. मग बाटलीवरची जाहिरातच वैद्य होऊन बसते. सबब अशा एका जगप्रसिद्ध मुळीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

तिचे नाव ब्लॅक कोहॉश. उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागातील रानात ही वनस्पती उगवते. आपला बचनाग आणि कलौंजी ज्या कुळातील, त्याच कुळातली ती. तेथील मूळ रहिवासी तिची मुळी औषधात वापरीत. पुढे मॅसॅच्युसेट्स प्रांतातील लिन गावच्या लिडिया पिंकहॅम या बाईंनी १८७५ साली स्त्रियांच्या विकारांवर एक औषध विकण्यास प्रारंभ केला, त्यातही ही मुळी होती. त्या बाटलीत मद्यार्क शेकडा १८ च्या घरात असे. तेव्हा घेणाऱ्या बायकांना बरे वाटले ते नेमके कशाने, हा प्रश्न उरतोच! जर्मनीत १९५६ पासून या मुळीचा अर्क रेमिफेमिन नावाने विक्रीस आला.

कोणी म्हणेल, इतक्या बायकांना गुण आला, आणखी पुरावा तो कसला हवा? आम्हां शिक्षकांना याचे उत्तर चांगले ठाऊक आहे. शिकवणी लावलेला मुलगा पुढे गेला की यश शिकवणीचे; पण न लावलेला शेजारचा मुलगाही तितकाच पुढे गेला, हे कोणी पाहत नाही. या वाफांचेही तसेच आहे. त्या कमीजास्त होतात आणि पुष्कळ जणींच्या काळाने आपोआप ओसरतात. शिवाय औषध घेतल्याच्या समाधानाचाही परिणाम होतो. २००४ साली २४ परीक्षांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यांत ३,३२९ स्त्रिया होत्या. ज्यांना औषध म्हणून निव्वळ निर्गुण गोळी दिली होती, त्यांच्या वाफाही शेकडा ५७ हून अधिक कमी झाल्या होत्या. मुळीला गुण आहे असे म्हणावयाचे, तर तिने या गोळीच्या पुढे गेले पाहिजे.

तशी कसोटी अमेरिकेत झाली व तिचा निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. ४५ ते ५५ वयाच्या ३५१ स्त्रियांचे गट पाडून वर्षभर निरनिराळे उपचार दिले. कोणाच्या गोळीत काय आहे हे ना त्या स्त्रियांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. एका गटास या मुळीचा अर्क रोज १६० मिलिग्रॅम मिळत होता. वर्षाअखेर तो गट निर्गुण गोळीवाल्यांहून सरस ठरला नाही. हार्मोन घेणाऱ्यांच्या वाफा मात्र स्पष्टपणे घटल्या. २०१२ साली कोक्रेन संस्थेने १६ परीक्षा व २,०२७ स्त्रिया जमेस धरल्या, आणि मुळीच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही असेच नोंदविले. मुळी निरुपयोगी असल्याचे सिद्ध झाले, असा मात्र याचा अर्थ नव्हे. काही लहान परीक्षांत गुण दिसलाही आहे. पण अर्क, मात्रा व मोजण्याच्या रीती इतक्या भिन्न की त्यांची बेरीज नीट जुळत नाही.

मग बायका मुळीकडे का वळल्या? २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील हार्मोनची मोठी परीक्षा स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्यामुळे मध्येच थांबविली गेली. त्या बातमीने धास्ती बसली. पुढील अभ्यासात साठीच्या आतील व पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांस हार्मोनचा लाभ धोक्याहून बहुधा अधिक असल्याचे आढळले. पण भीती मागे राहिली.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही येथे तपासावी. यकृतास इजा झाल्याच्या विरळा तक्रारी आल्यामुळे २००६ साली ब्रिटन व ऑस्ट्रेलियात या औषधाच्या वेष्टनावर इशारा छापण्याचे ठरले. काही मालात तर या मुळीऐवजी आशियातील तिच्या भाऊबंद वनस्पती आढळल्या. डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर औषध तत्काळ बंद करून डॉक्टरांस दाखवावे.

शतावरी आपल्या घरोघरची. तिच्याविषयीही विचारावयाचा प्रश्न हाच, की निर्गुण गोळीशी तुलना केली काय?

भगिनींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते थोडे असले तरी कोणताही काढा घेत न बसता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. गर्भाशयाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते, आणि वेळीच कळल्यास तो बहुधा बरा होतो.