पेंढ्याचा हिशेब

अकरावीच्या विज्ञान शाखेत द्विलक्ष्यी विषय निवडायची वेळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांत बहुतेक दोनच नावं निघतात: कॉम्प्युटर सायन्स, नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स. त्याच यादीत क्रॉप सायन्स असतं, ॲनिमल सायन्स अँड डेअरीही असतं; गुणही तेवढेच, 200. पण हे विषय लांबच्या खेड्यांतल्या मुलांसाठी, अशी आपली पक्की समजूत. आता ही समजूत घेऊन बदलापूरहून कर्जतच्या गाडीत बसा. थोड्याच वेळात खिडकीबाहेर भातखाचरं दिसू लागतात. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड असं करत गाडी ज्या गावी पोचते, तिथे 1919 पासून भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-3 हे हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, वाण तिथलं, सह्याद्री हा संकरित भातही तिथलाच.

शाळेच्या पातळीवरचं शेतीविज्ञान जगात कुठेही उघडून पाहा, तीन भाग सापडतील: पिकं, जनावरं आणि शेतीचा व्यवहार. तिसरा भाग बहुधा शेवटी, थोडक्यात आणि परीक्षेपुरता. माझ्या मते इथेच विषयाचा जीव जातो. व्यवहार हा शेतीचा वेगळा धडा नाहीच. तो पिकातही असतो आणि गोठ्यातही असतो. खात्री करायची तर भाताचा मूठभर पेंढा हातात घ्यावा आणि त्याचं पुढे काय करायचं ते विचारावं.

शेतकऱ्यापुढे तीन वाटा असतात. पेंढा गोठ्यात जनावरांना घालावा, तबेलेवाल्याला विकावा किंवा परत खाचरात गाडावा. परत गाडण्याची वाट शास्त्रशुद्ध करून दाखवली ती चारसूत्री भातशेतीने. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी बसवलेली ही पद्धत आहे. पहिलं सूत्र हेच, भाताचे अवशेष शेताला परत द्या. तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात. भाताचं पीक जमिनीतून सिलिका आणि पालाश भरपूर उचलतं आणि त्यातला मोठा वाटा पेंढ्यातच राहतो. सिलिकाने रोप ताठ आणि काटक होतं. दुसरं सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचं हिरवळीचं खत, तिसरं नियंत्रित लावणी आणि चौथं युरिया-डीएपीच्या गोळ्या.

तिसऱ्या-चौथ्या सूत्रांत शाळेच्या गणिताची चंगळ आहे. चुडांमधलं, म्हणजे रोपांच्या जुडग्यांमधलं, अंतर आलटून पालटून 15 आणि 25 सेंटिमीटर ठेवायचं, दोन्ही दिशांनी. म्हणजे 15 बाय 15 च्या चौकोनात चार चूड बसतात आणि असा एक चौकोन शेजारच्या वाटांसकट 40 बाय 40 सेंटिमीटर जागा घेतो. त्या चार चुडांच्या मधोमध 2.7 ग्रॅमची एक गोळी, चिखलात 7 ते 10 सेंटिमीटर खोल. हेक्टरी गोळ्या किती? 62,500. वजन किती? सुमारे 170 किलो. सातवीतल्या मुलालाही जमेल असा भागाकार आहे. गोळी खोल का खोचायची, याचं उत्तर रसायनशास्त्राच्या तासाला मिळतं. साचलेल्या पाण्यावर युरिया फेकला की त्यातला काही नत्र अमोनिया होऊन हवेत जातो आणि काही कोकणच्या पावसात बांधावरून वाहून शेजाऱ्याच्या खाचरात. खोल चिखलात प्राणवायू नसतो, तिथे तो अमोनियमच्या रूपात टिकतो आणि मुळांना हळूहळू मिळत राहतो.

या भागातली जुनी राब-भाजणीही वर्गात यायला हवी. शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून, ते पेटवून, त्याच जागी रोपं करायची. तणांचं बी जळतं, राख मिळते, माती भुसभुशीत होते. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांना राबासाठी जंगलात फांद्या तोडू द्यायच्या की नाही, यावरून 1885 च्या सुमारास इतका कल्लोळ झाला की सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. चारसूत्रीत झाड तोडायचं नाही, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला घ्यायचा. जुन्या भांडणावरचं उत्तर असं शेतात मिळालं.

आता गोठा. नुसत्या पेंढ्यावर जनावर जगतं, दूध देत नाही. प्रथिनं तीन-चार टक्क्यांच्या आसपास आणि वर ती सिलिका, जी शेताला हवी पण पोटाला नको. त्यावर उपाय साधा आहे: 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबून झाकायचा आणि 21 दिवस ठेवायचा. पेंढा मऊ पडतो, पचतो, त्यातलं नत्रही वाढतं. प्रमाण चुकवलं तर मात्र विषबाधा होते, म्हणून मुलांनी हे मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावं.

शहरी तबेल्याचं अर्थशास्त्र पुस्तकात सहसा नसतं. मुंबई परिसरातल्या जुन्या रीतीनुसार म्हैस व्यायली की बाहेरून आणायची, दुधावर असेपर्यंत ठेवायची आणि भाकड झाली की काढून टाकायची. कारण म्हशीचा गाभणकाळ दहा महिन्यांचा असतो, आणि महागड्या जागेत, विकतच्या चाऱ्यावर भाकड जनावर पोसणं परवडत नाही. यात चांगल्या दुधाळ म्हशीही वंश न वाढवता जातात. धंदा फायद्यात आणि जात तोट्यात. हे गणित मुलांना कळलं तर पशुपैदाशीचा रूक्ष धडा एकदम गरम होईल.

बैलाची पारख शिकायची तर मुरबाड तालुक्यातली म्हसा यात्रा आहे, पौष पौर्णिमेला. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला, ही भाषा म्हणजे वयाचं कोष्टकच. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, हे बैलबाजारात एकदा तोंड उघडून पाहिलेला मुलगा जन्मात विसरत नाही.

व्यवहाराच्या भागात सगळ्यांत अवघड प्रश्न जमिनीचा. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, साधारण दोन बेडरूमच्या ऐसपैस फ्लॅटएवढी जागा. हेक्टरी 40 क्विंटल भात धरला तर गुंठ्याला 40 किलो. 2025-26 च्या हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये, म्हणजे गुंठ्याचं ढोबळ उत्पन्न साडेनऊशे रुपये. यातून मजुरी, बी आणि खत वजा व्हायचं आहे. साधारण भाताएवढ्याच वजनाचा पेंढा निघतो, तो जमेला. बदलापुरात त्याच गुंठ्याला बिल्डर काय देतो ते विद्यार्थ्यांना ठाऊक असतं, शिक्षकापेक्षा जास्त. वर्गात हा प्रश्न टाळणं म्हणजे विषयाचा सगळ्यांत खरा धडा टाळणं.

त्याच जमिनीवर जांभळाचं झाड असेल तर आकडे बदलतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळालाही. 1999 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी दहा वर्षांची, नंतर नूतनीकरण. नोंदणी झाली म्हणून परिसरातला कुणीही ते नाव लावून विकू शकतो असं नाही. प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. अंगणात दोन झाडं असलेल्या कुटुंबाने, किंवा टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसणाऱ्या ठाकूर-कातकरी बाईने हा अर्ज भरला आहे का? नववीच्या मुलांनी तो भरून द्यावा, याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही. जांभूळ तोडल्यावर एक-दोन दिवसच टिकतं, फांदी कटकन मोडते म्हणून चढणारा माणूस महाग, हंगाम जेमतेम महिन्याभराचा. नासाडी, मजुरी आणि भाव, तिन्ही एकाच टोपलीत.

पाण्याचा धडा अंबरनाथ-उल्हासनगरकरांना वेगळा शोधायला नको. वालधुनी नदी दोन्ही गावांतून वाहते आणि कारखान्यांचं, गटारांचं पाणी घेऊन वाहते. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रुळांलगतच्या पट्ट्या भाजीसाठी दिल्या. रुळांलगत पालेभाजी पिकते तिथे तिला कुठलं पाणी लागतं, हे सिंचनाच्या पाण्याचा सामू (pH) आणि क्षारता मोजणाऱ्या मुलांनी तपासावं. उपकरणं स्वस्त आहेत.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर पाबळला जाऊन यावं. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन, हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून ते तिथे आले आणि 2003 मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. त्यांच्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात; शेती-पशुपालन हा त्यातला एक विभाग. मुलं गावाला सेवा देतात आणि तिचे पैसे घेतात. म्हणजे खर्चाची वही आपोआप आली.

अडचण एकच, वेळापत्रक. जांभूळ पिकतं तेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते. हळवा भात कापायला येतो तेव्हा सहामाही परीक्षा आणि उशिरा पिकणारा गरवा येतो तेव्हा दिवाळीची सुट्टी. लावणी तेवढी जुलैत, शाळा ऐन भरात असताना. एका गुंठ्यात चारसूत्रीने सुमारे 2,500 चूड लागतात. चाळीस मुलांच्या वर्गाला माणशी त्रेसष्ट. गोळ्या माणशी सोळा.