ट्रिगर दर वेळी वेगळा का लागतो?

मार्च २०२३ मध्ये भोपाळच्या नेमबाजी अकादमीत विश्वचषक स्पर्धा झाली. तिथे सरबज्योत सिंगने १० मीटर एअर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचे असते. म्हणूनच नव्या पिस्तुलाचा ट्रिगर कधी हलका, कधी जड लागला, तर नेम ढळतो.

याचे कारण शोधताना आधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करावी. मग नळी उभी धरून ट्रिगरच्या मध्याला वजन टांगून उचलावे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम पेलायलाच हवेत, २५ मीटरच्या पिस्तुलाने १००० ग्रॅम.

ट्रिगर सुटायला लागणारे वजन प्रत्येक वेळी सारखे भरले, तर दोष बहुधा बोटाचा. ट्रिगर ही तरफच आहे. बोट बिजागरीजवळ सरकले की जोर जास्त लागतो, टोकाकडे गेले की कमी.

वजनच बदलत राहिले, तर यंत्रणा तपासावी. ट्रिगरचे स्क्रू सैल असतील किंवा घट्ट झालेले तेल, धूळ यांमुळे खटक्याचे पृष्ठभाग अडखळत असतील. एका वेळी एकच स्क्रू थोडासा फिरवावा, मूळ जागा लिहून ठेवावी आणि पुन्हा वजन टांगून पाहावे. तरीही फरक राहिला, तर पिस्तूल अधिकृत तंत्रज्ञाकडे न्यावे.