सौम्य आणि जैन : दोन वेगळे प्रश्न

व्यापारी कुटुंबे हॉटेलात जेवायला जातात, तेव्हा एका टेबलावर बहुधा तीन पिढ्या बसलेल्या असतात. त्यांत आम्लपित्ताने त्रस्त झालेले आजोबा असतात, तिखटाच्या वासानेच मागे सरणारा नातू असतो आणि कधी परगावचा व्यापारी पाहुणाही असतो. ऑर्डर देणारा कर्ता माणूस ‘सगळे जैन आणा’ एवढे सांगून निश्चिंत होतो. मग भाजी ताटात आली की आजोबा एका घासानंतर ती बाजूला सारतात आणि कोरड्या भातावर जेवण उरकतात. संकोचामुळे ते बोलत मात्र काहीच नाहीत.

‘जैन’ हा शब्द स्वयंपाकघराला कांदा, लसूण, बटाटा यांसारखी कंदमुळे वर्ज्य करायला सांगतो. तिखटाविषयी तो मौन पाळतो. मिरची कंदमूळ नसल्यामुळे जैन भाजीत तिला पूर्ण मुभा असते. याउलट, जो पदार्थ सौम्य तो जैन असेलच, असेही नाही. काजू, मगज आणि मलई यांची पांढरी ग्रेव्ही सर्वांत मवाळ खरी. परंतु पुष्कळ ठिकाणी तिचा पाया उकडलेल्या कांद्याच्या वाटणाचा असतो. मलई कोफ्त्यात पनीरबरोबर बटाटा कुस्करलेला असतो. मखनी टोमॅटो, लोणी आणि काजू यांची असली, तरी तिच्यात बहुधा आले-लसूण असते. म्हणूनच ‘जैन आहे का?’ आणि ‘तिखट किती आहे?’ हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत.

मेनू कार्डावरील नावे या कामी बरीच मदत करतात. शाही, मलई, कोर्मा, मखनी ही नावे सामान्यतः सौम्यपणाची सूचक असतात. कढाई, कोल्हापुरी, चेट्टीनाड, अचारी ही नावे दिसली की सावध व्हावे. कढाईच्या मसाल्यात सुक्या लाल मिरच्या आणि धने भरड कुटलेले असतात. चेट्टीनाडमध्ये मिरचीच्या जोडीला काळी मिरी येते. रंगावर मात्र विसंबू नये. काश्मिरी मिरची लालभडक रंग देते, पण तिचा तिखटपणा बेताचाच असतो. हिरव्या ग्रेव्हीत मात्र हिरवी मिरची वाटलेली असू शकते.

सूचना कधी द्यावी, हेही महत्त्वाचे आहे. मोठ्या हॉटेलांत ग्रेव्ही आधीच शिजवून ठेवलेली असते. तिच्यातील तिखट काढून घेता येत नाही. मलई किंवा काजूची पेस्ट घालून ते फार तर झाकता येते. वरणाचे तसे नसते. डाळ शिजलेली असली, तरी फोडणी बहुधा ऑर्डरनंतर पडते. म्हणून तूप, जिरे आणि हिंग यांची मिरचीविरहित फोडणी मागता येते. मुगाची खिचडी, जिरा राईस, फुलके, इडली आणि साधा डोसा हेही भरवशाचे पर्याय आहेत. मात्र सांबार आणि चटणी यांची चौकशी वेगळी करावी.

इतके करूनही तोंड भाजलेच, तर पाण्याचा फारसा उपयोग होत नाही. मिरचीतील दाहक द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते. दुधातील केसीन हे प्रथिनही दाह कमी करते. त्यामुळे दूध किंवा दही उपयोगी पडते. द्विदळाचा नियम पाळणाऱ्यांनी मात्र डाळीबरोबर कच्चे दही टाळून दूध मागवावे.

तिखटाविना भारतीय जेवणाला चव नाही, असे कोणी म्हणेल. परंतु मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्यापूर्वीही या देशातील स्वयंपाक मिरी, पिंपळी, सुंठ आणि जिरे यांवर रुचकर होतच होता. सौम्य पदार्थ मागणे हा आपल्या रुचीचा अपमान नव्हे.

घरी पाहुण्याला काय मानवते, हे गृहिणी पान वाढण्यापूर्वी विचारते. हॉटेलात ती जबाबदारी ऑर्डर देणाऱ्याची असते. वृद्ध आणि पाहुणे आपणहून बोलणार नाहीत. त्यांना मेनू कार्ड उघडतानाच विचारावे. वेटरला ‘कमी तिखट’ असे मोघम सांगू नये, कारण प्रत्येक आचाऱ्याचे ‘कमी’ वेगळे असते. ‘हिरवी मिरची आणि लाल तिखट अजिबात घालू नका, कांदा, लसूण, आले, बटाटा नको’ असे नावानिशी सांगावे आणि ते लिहून घेतले आहे ना, याची खात्री करावी.