उरलेल्या बळाची गोष्ट

आपल्या खान्देशात कडबा कापायला आता यंत्र आले आहे. यंत्र काम झटपट करते. पण हात जरा पुढे गेला, की बोटही झटपट नेते. मग लोक म्हणतात, "संपलं! आता हा काय कामाचा?"

खरेच माणूस संपतो का? आम्ही तीन खेळाडूंची हकीकत सांगतो. मग तुम्हीच ठरवा.

पहिला अमेरिकेचा मॉर्डेकाय ब्राउन. बेसबॉल हा तिकडचा चेंडू-दांडूचा खेळ. लहानपणी चारा कापण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचे बोट तुटले. पुढे पडल्यामुळे बाकीची बोटेही वाकडी झाली. त्याच बोटांनी टाकलेला चेंडू असा वळे, की समोरचा चकून जाई! १९०७ आणि १९०८ साली त्याच्या शिकागोच्या संघाने अजिंक्यपद मिळवले.

दुसरे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या. कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले. पाण्यात अंगाचा भार पाणीच पेलते. तापीत डुंबलेल्याला हे सांगायला नको. पाय चालेनात, तरी दंडांच्या जोरावर पुढे जाता येते. १९७२ साली जर्मनीत, अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत कापले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक.

तिसरे आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी. शाळेत असताना अपघात होऊन डावा हात अधू झाला. पण गोळा फेकायला एक हात पुरतो. २०२४ साली पॅरिसला त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले.

तिघांनी गेलेल्याची वाट पाहिली नाही. काय उरले ते पाहिले, त्याला जुळेल असे काम धरले, आणि घाम गाळला.

पण नुसत्या हिमतीने भागत नाही. पेटकरांना उपचार मिळाले, पोहायला तलाव मिळाला, म्हणून ते पोहले. घरात कोंडलेल्या पोराला काय मिळणार?

म्हणून २०१६ चा कायदा ध्यानात ठेवा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. सरकारी नोकऱ्यांत निदान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी दाखला लागतो. जळगावला किंवा धुळ्याला सरकारी दवाखान्यात त्याची चौकशी करा.

आणि शाळा सुरू झाली, की त्या पोराचे नाव आधी घाला.